उपचार सरकारचे, अपराध दुसऱ्याचा

रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला म्हणजे जमलेल्या माणसांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जखमी मनुष्य वाचेल की नाही, हा. आणि दुसरा येतो तो चूक कोणाची, हा. तिसरा एक प्रश्न असतो. पण तो त्या घटकेस कोणाच्या ध्यानीमनी नसतो, आणि नसावा हेच योग्य. जखमीला ज्या इस्पितळात नेले ते सरकारी असेल, तेथे त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली असेल, औषधे मिळाली असतील आणि घरी जाताना त्याच्या हाती बिलाचा कागद पडला नसेल, तर त्या उपचारांचा खर्च अखेर कोणी सोसावयाचा?

उपचार फुकट झाले, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु इस्पितळात फुकट असे काहीच नसते. डॉक्टरांचा पगार, परिचारिकांची रात्रपाळी, रक्ताची बाटली, हाड सांधण्याची पट्टी, या प्रत्येक वस्तूची किंमत कोणीतरी मोजलेली असते. सरकारी इस्पितळात ती करदात्याने मोजलेली असते. याच्या उलट, ज्याच्या हयगयीमुळे अपघात घडला त्या मोटारवाल्याने विम्याचा हप्ता भरलेला असतो आणि विमा कंपनीने तो घेतलेला असतो. आपल्या मोटारीने कोणास इजा झाली तर तिची भरपाई कंपनी करील, हाच त्या हप्त्याचा करार. मग जखमी मनुष्य खाजगी दवाखान्यात गेला तर कंपनीला पैसे द्यावे लागतात, आणि तोच मनुष्य सरकारी इस्पितळात गेला तर कंपनीचे पैसे वाचतात, असे का व्हावे? रुग्णवाहिका डावीकडे वळली की उजवीकडे, यावर विमा कंपनीचा नफातोटा ठरणे हा काही न्याय म्हणता येणार नाही.

हा प्रश्न कागदावर सोपा दिसतो. परंतु तो सोडविताना मोठमोठ्या देशांच्या न्यायालयांना आणि कायदेमंडळांना अनेक वर्षे खर्ची घालावी लागली. त्याची हकीकत उद्‌बोधक आहे. कारण तीत एका बाजूला सरकारचा रास्त हक्क दिसतो, तर दुसऱ्या बाजूला त्याच हक्काचा अतिरेक झाल्यास जखमी माणसाचे काय होते, तेही दिसते.

हकीकतीचा आरंभ अमेरिकेत, लॉस एंजल्स शहरात होतो. १९४४ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस अमेरिकन सैन्यातील एक शिपाई तेथील रस्ता ओलांडीत असता स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या एका ट्रकने त्याला धडक दिली. शिपायाला सैन्याच्या खर्चाने इस्पितळात ठेवण्यात आले. इस्पितळाचा खर्च १२३ डॉलर ४५ सेंट झाला. आणि तो कामावर येऊ शकला नाही त्या दिवसांचा पगार म्हणून सरकारने ६९ डॉलर ३१ सेंट दिले. शिपायाने कंपनीकडून ३०० डॉलर घेतले आणि आपला काही दावा उरला नाही, असे लिहून दिले. कंपनीच्या दृष्टीने प्रकरण मिटले. सरकारच्या दृष्टीने मिटले नव्हते. सरकारने कंपनीवर दावा लावला.

रक्कम क्षुल्लक होती, पण तत्त्व क्षुल्लक नव्हते. सरकारी वकिलांनी इंग्लंडच्या जुन्या कायद्यातील एका तत्त्वाचा आधार घेतला. धन्याच्या नोकराला कोणी जखमी केले आणि त्यामुळे धनी नोकराच्या सेवेला मुकला, तर धन्याला त्याबद्दल भरपाई मागता येते, असे ते तत्त्व होते. सरकार आणि शिपाई यांचे नाते त्याच जातीचे आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९४७ च्या जून महिन्यात न्यायमूर्ती रटलेज यांनी बहुमताचा निवाडा दिला. तो सरकारच्या विरुद्ध होता. सरकारची मागणी अन्यायाची आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. न्यायालयाचे म्हणणे इतकेच होते की, सरकारी तिजोरीचे रक्षण कसे करावयाचे, नवी जबाबदारी कोणावर टाकावयाची, हे ठरविण्याचे काम कायदेमंडळाचे आहे; खजिन्याच्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत त्याने कायदा करावा, न्यायाधीशांनी तो आपल्या मनाने निर्माण करू नये. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी मात्र या निवाड्याशी आपला मतभेद नोंदविला.

कायदेमंडळाने हे काम हाती घेण्यास पंधरा वर्षे लावली. २५ सप्टेंबर १९६२ रोजी वैद्यकीय खर्चाच्या वसुलीचा केंद्रीय कायदा संमत झाला. शिपाई, खलाशी, त्यांची कुटुंबे आणि ज्यांच्यावर औषधोपचार करणे केंद्र सरकारला कायद्याने भाग आहे असे इतर लोक, यांपैकी कोणी तिऱ्हाइताच्या चुकीने जखमी झाला, तर त्याच्या उपचारांची वाजवी किंमत त्या तिऱ्हाइताकडून वसूल करण्याचा हक्क या कायद्याने सरकारला दिला. जखमी मनुष्याने दावा लावला असेल तर सरकारला त्यात सामील होता येते. त्याने लावला नसेल तर सरकार स्वतः लावू शकते. त्याने कंपनीशी परस्पर तडजोड करून सुटकेचा कागद लिहून दिला, एवढ्याने सरकारचा हक्क बुडत नाही. लॉस एंजल्सच्या त्या ३०० डॉलरांच्या कागदाने जी वाट बंद केली होती, ती अशा रीतीने मोकळी झाली.

या कायद्यातील एक कलम विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वसुली केल्याने जखमी मनुष्याची अवाजवी ओढाताण होणार असेल, तर संबंधित खात्याच्या प्रमुखाने आपला हक्क पूर्णतः किंवा अंशतः सोडून द्यावा, अशी मुभा त्यात ठेवलेली आहे. कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. विम्याची रक्कम ही विहिरीसारखी असते. तिच्यातले पाणी मर्यादित असते. तीत सरकारने आपला पोहरा आधी सोडला, तर ज्याचा पाय तुटला आहे त्याच्या वाट्याला तळाचा गाळ येण्याचा संभव असतो.

पुढे अडचण निराळ्याच दिशेने आली. १९७१ च्या आरंभापासून मॅसॅच्युसेट्स राज्याने आणि त्यामागोमाग इतर काही राज्यांनी मोटारविम्याची एक नवी पद्धत स्वीकारली. चूक कोणाची हे शोधीत बसू नये. प्रत्येकाच्या उपचारांचा खर्च त्याच्या त्याच्या विमा कंपनीने एका मर्यादेपर्यंत निमूटपणे द्यावा, अशी ती दोषनिरपेक्ष पद्धत. कोर्टकचेऱ्या कमी व्हाव्यात हा तिचा हेतू चांगला होता. परंतु १९६२ चा कायदा उभा होता तो दुसऱ्याच्या अपराधावर. जेथे अपराध शोधावयाचाच नाही, तेथे अपराध्याकडून वसुली कशी करणार? विमा कंपन्यांनी हा मुद्दा पुढे केला, आणि सरकारी इस्पितळांचे बिल पुन्हा करदात्याच्या माथी येऊ लागले. १९९६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा हे छिद्र बुजले. अशा राज्यांत जखमी मनुष्याच्या विमा करारामध्ये सरकार हेही एक लाभार्थी आहे असे समजावे, असे ठरले. त्याच दुरुस्तीने जखमी सैनिकाला काम न करता द्याव्या लागलेल्या पगाराचीही वसुली करता येऊ लागली. म्हणजे १९४४ मधील ६९ डॉलर ३१ सेंटांचा जो प्रश्न होता, त्याचे उत्तर मिळण्यास बावन्न वर्षे लागली.

सैनिकांपेक्षा कितीतरी मोठा वर्ग म्हणजे वृद्धांचा. १९६५ मध्ये अमेरिकेने पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी वैद्यकीय विम्याची योजना सुरू केली. आरंभी मोटार अपघाताचा खर्चही पुष्कळदा तीच योजना उचलीत असे. डिसेंबर १९८० मध्ये संमत झालेल्या कायद्याने हा क्रम उलटा केला. मोटारविमा असेल तेथे पहिली जबाबदारी विमा कंपनीची. मेडिकेअर ही दुय्यम. तथापि कंपनी लवकर पैसे देणार नसेल तर म्हाताऱ्या माणसाने वेदना सोशीत थांबू नये, म्हणून मेडिकेअरने तूर्त खर्च करावा आणि तडजोड झाली की तो परत घ्यावा, अशी सोय आहे. या तात्पुरत्या खर्चाला अटीवर दिलेली रक्कम म्हणतात. जी कंपनी आपली जबाबदारी टाळते तिच्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूदही कायद्यात आहे. २००७ च्या एका कायद्याने तर असे दावे मिटविल्याची वर्दी सरकारला देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक करण्यात आले. एक गोष्ट मात्र न्यायाची आहे. भरपाई मिळविण्यासाठी जखमी मनुष्याला वकिलाची फी द्यावी लागली असेल, तर तिचा प्रमाणशीर वाटा मेडिकेअर आपल्या मागणीतून कमी करते. ज्याने झाड हलविले त्याच्या श्रमाची दखल, खाली पडलेली फळे वेचणाऱ्याने घ्यावी, हे योग्यच होय.

येथवर सरकारची बाजू सबळ आहे. परंतु याच कथेचा उत्तरार्ध मनाला चटका लावणारा आहे. गरिबांसाठी अमेरिकेत मेडिकेड नावाची दुसरी योजना आहे. तिचा खर्च केंद्र सरकार आणि राज्य सरकारे मिळून करतात. १९९६ च्या जानेवारीत अर्कान्सा राज्यातील एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी मोटार अपघातात सापडली आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. मेडिकेडने तिच्या उपचारांवर २,१५,६४५ डॉलर खर्च केले. तिचे एकूण नुकसान सुमारे ३०,४०,७०८ डॉलर होते, हे पुढे दोन्ही पक्षांनी मान्य केले. परंतु प्रत्यक्षात तडजोड झाली ती ५,५०,००० डॉलरांवर. नुकसानाचा सुमारे सहावा हिस्सा तिच्या हाती आला. राज्य सरकारने म्हटले, आमचे २,१५,६४५ डॉलर आम्हाला पुरे परत पाहिजेत.

म्हणजे मुलीला आपल्या हानीचा सहावा हिस्सा मिळावयाचा आणि सरकारला आपल्या खर्चाचा पै न पै! २००६ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याचे म्हणणे फेटाळले. भरपाईतील जो भाग वैद्यकीय खर्चाबद्दल आहे तेवढ्यावरच सरकारचा हात पडू शकतो. बुडालेली मिळकत, सोसलेल्या वेदना, गमावलेले आयुष्य यांबद्दल मिळालेला पैसा जखमी व्यक्तीची स्वतःची मालमत्ता आहे, असा तो निर्णय होता. सरकारच्या वाट्याला ३५,५८१ डॉलर आले. म्हणजे त्याच्याही खर्चाचा सहावा हिस्सा. तूट सर्वांनी सारख्या प्रमाणात सोसावी, हा त्यातला व्यवहार कोणासही पटेल असा होता.

परंतु सोळा वर्षांनी काटा पुन्हा दुसरीकडे कलला. फ्लॉरिडा राज्यात २००८ मध्ये शाळेच्या बसमधून उतरलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला ट्रकने धडक दिली. ती जगली, परंतु शुद्धीवर आली नाही, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या शुश्रूषेवर अवलंबून राहिली. मेडिकेडने तिच्यावर ८,६२,६८८ डॉलर खर्च केले. तिच्या आईवडिलांनी दोन कोटी डॉलरांहून अधिक नुकसानाचा दावा केला होता. तडजोड झाली ८,००,००० डॉलरांवर. त्यात झालेल्या उपचारांचा भाग म्हणून निर्देशिलेली रक्कम ३५,३६७ डॉलर होती. राज्याने आपल्या ठरीव सूत्राप्रमाणे ३,००,००० डॉलर मागितले. त्याचे म्हणणे असे की, झालेल्या उपचारांचाच नव्हे, तर पुढे व्हावयाच्या उपचारांसाठी मिळालेला पैसाही आम्हाला घेता येतो. ६ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी राज्याचे म्हणणे मान्य केले. कायद्यात वैद्यकीय खर्च असे म्हटले आहे. तो मागचा की पुढचा असा भेद कायद्याने केलेला नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सोटोमेयर आणि ब्रायर यांना ते पटले नाही.

कायद्याच्या शब्दांचा अर्थ न्यायालयाने कसा लावावा, हा पंडितांचा विषय आहे. परंतु सामान्य माणसाला एवढे कळते की, उद्याच्या औषधासाठी बाजूला ठेवलेला पैसा कालच्या औषधाच्या बिलापोटी उचलून नेला, तर उद्या ते औषध कोठून यावयाचे? सरकारने अपराध्याच्या मागे लागावे म्हणून जो हक्क निर्माण केला, तो फिरून जखमी मुलीच्याच उशाशी येऊन उभा राहिला. हा विषय हाताळताना सर्वांत अधिक सांभाळावयाचे ते हेच.

या प्रश्नाला याहून सरळ उत्तर असू शकते, हे इंग्लंडकडे पाहिले असता दिसते. तेथे १९३० च्या वाहतूक कायद्यानेच मोटारविमा सक्तीचा केला आणि अपघातातील जखमींवर उपचार करणाऱ्या इस्पितळांना विमा कंपनीने एका मर्यादेपर्यंत पैसे द्यावेत, असे ठरविले. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होऊन उपचार सर्वांना मोफत झाले, तरी हा नियम टिकला. पण वसुलीचे काम एकेका इस्पितळाकडे होते. ज्यांनी जखमा शिवावयाच्या त्यांनीच विमा कंपन्यांना पत्रे पाठवावयाची, स्मरणपत्रे धाडावयाची. साहजिकच ते काम अर्धवट होई. १९९९ च्या कायद्याने वसुली एका मध्यवर्ती सरकारी कचेरीकडे सोपविली आणि दर ठरवून दिले. रुग्णाला दाखल करावे लागले नाही तर एकूण ३५४ पौंड. दाखल केले तर दररोज ४३५ पौंड. आणि कितीही दिवस लागले तरी १०,००० पौंडांहून अधिक नाही, असे ते आरंभीचे दर होते. ते पुढे वेळोवेळी वाढले. २९ जानेवारी २००७ पासून ही पद्धत मोटार अपघातांपुरती न राहता इतरांच्या चुकीने झालेल्या सर्व इजांना लागू झाली, आणि तीत रुग्णवाहिकेचा खर्चही आला. जखमी मनुष्याची स्वतःची काही चूक ठरली तर सरकारची मागणीही त्या प्रमाणात कमी होते.

इंग्लंडच्या पद्धतीतील मर्म असे की, ही रक्कम जखमी माणसाच्या भरपाईतून कापून घेतली जात नाही. विमा कंपनीने त्याला त्याची भरपाई द्यावयाची आणि इस्पितळाची रक्कम वेगळी, वरकड, सरकारी कचेरीत भरावयाची. ती रक्कम ज्या इस्पितळाने उपचार केले त्याच्याकडे जाते. एका ताटातले दोघांनी ओढावे, असा प्रसंगच तेथे येत नाही. ताटेच दोन मांडलेली असतात.

कॅनडातील ओंटारिओ, आल्बर्टा यांसारख्या प्रांतांनी आणखी निराळा मार्ग धरला. तेथे सरकार मोटार अपघातातील एकेका रुग्णाचा हिशेब करीत बसत नाही. मोटारविम्याचा धंदा करणाऱ्या कंपन्यांकडून दरवर्षी ठोक रकमेची आकारणी केली जाते, आणि ती अपघातांमुळे आरोग्यखात्यावर पडणाऱ्या बोजापोटी जमा होते. यात कज्जे नाहीत आणि पत्रव्यवहारही नाही. दोष एवढाच की, कोणत्या अपघातात कोण चुकला याच्याशी त्या रकमेचा प्रत्यक्ष संबंध राहत नाही.

आता दृष्टी आपल्या देशाकडे वळवावी. हिंदुस्थानात मोटारींचा कायदा १९३९ मध्ये झाला. परंतु तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमा सक्तीचा करणारे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. तो कायदा त्या वेळी ब्रिटिश मुलखापुरता होता. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या संस्थानांचा कारभार वेगळा होता आणि गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता. पुढे सर्व देश एका कायद्याखाली आला, आणि १ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला.

आपल्याकडे प्रश्नाचे स्वरूप प्रारंभी निराळे होते. खर्च कोणाकडून वसूल करावा यापेक्षा, उपचार मुळी होतील की नाही, हीच चिंता मोठी होती. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडविले. ज्या इस्पितळात त्याला प्रथम नेले तेथे, पोलिसी प्रकरणे आम्ही घेत नाही, वीस किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या इस्पितळात न्या, असे सांगण्यात आले, आणि वाटेतच त्याचे प्राण गेले, अशी बातमी प्रसिद्ध झाली. तिच्या आधाराने परमानंद कटारा यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८९ मध्ये निर्णय दिला. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य प्राण वाचविणे हे आहे. कायद्याच्या कारवाईसाठी उपचार थांबता कामा नयेत, असे न्यायालयाने बजावले. तत्त्व उत्तम होते. पण पैसे कोण देणार, याचे उत्तर त्यात नव्हते. आणि अनामत रक्कम भरल्याखेरीज दारे उघडत नाहीत, हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतच राहिला.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अपघातानंतरचा पहिला तास हा मोलाचा तास होय, असे कायद्याने मानले. त्या काळात जखमीवर रोख रक्कम न मागता उपचार व्हावेत यासाठी केंद्र सरकारने योजना करावी, असे सांगितले. आणि तिच्या खर्चासाठी मोटार अपघात निधी उभारण्याची तरतूद केली. योजना मात्र लवकर निघेना. अखेर ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्चपर्यंतची मुदत घालून दिली, आणि ५ मे २०२५ रोजी योजना जाहीर झाली. तीप्रमाणे देशातील कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे जखमी झालेल्या व्यक्तीला नेमलेल्या इस्पितळात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळावयाचे आहेत. बेळगाव-कोल्हापूर महामार्ग असो, इंदूर-ग्वाल्हेरचा आग्रा रस्ता असो, की गोव्यातील एखादा घाट असो, नियम एकच.

हा पैसा कोठून येतो ते पाहिले म्हणजे आपली पद्धत कोणत्या जातीची आहे, ते कळते. अपघात करणाऱ्या वाहनाचा विमा असेल तर खर्च निधीच्या त्या खात्यातून होतो, ज्यात साधारण विमा कंपन्यांनी आपला वाटा भरावयाचा असतो. वाहनाचा विमा नसेल, किंवा वाहनवाला धडक देऊन पळून गेला असेल, तर भार सरकारी तरतुदीवर पडतो. म्हणजे अमेरिकेप्रमाणे एकेका जखमीच्या मागे दावा नाही. कॅनडातील प्रांतांप्रमाणे विमा धंद्याकडून सामुदायिक वर्गणी आहे. जखमीच्या भरपाईत हात न घालता इस्पितळाचे बिल भागावे, अशी ही रचना आहे, आणि तिचे स्वागत करावयास हवे. परंतु दीड लाखाची आणि सात दिवसांची मर्यादा फार लवकर संपते. डोक्याला इजा झालेल्या रुग्णाचा आठवा दिवस उजाडतो तेव्हा पुढचा खर्च एक तर त्याच्या घरच्यांवर पडतो, नाही तर सरकारी इस्पितळावर; आणि तो खर्च अपराध्याच्या विमा कंपनीकडून परत मिळविण्याचा मार्ग दावा न्यायाधिकरणाच्या दारातूनच जातो.

याच संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ रोजी दिलेला निर्णय महाराष्ट्र आणि गोवा येथील वाचकांच्या विशेष उपयोगाचा आहे. एखाद्याने स्वतःचा वैद्यकीय विमा उतरविला होता, आणि अपघातानंतर त्या विम्यातून इस्पितळाचे बिल भागले. तर मोटारवाल्याच्या विमा कंपनीने द्यावयाच्या भरपाईतून ती रक्कम वजा करावी काय? एकाच खर्चाचे पैसे दोनदा मिळतात, असे कंपनीचे म्हणणे होते. पूर्णपीठाने सांगितले की, ती रक्कम वजा करता येणार नाही. ज्याने वर्षानुवर्षे हप्ते भरले त्याच्या दूरदृष्टीचे फळ त्यालाच मिळाले पाहिजे. त्याच्या काटकसरीचा फायदा अपराध्याच्या विमा कंपनीला मिळणे योग्य नव्हे.

या निर्णयातील विचार आणि लॉस एंजल्सच्या त्या जुन्या खटल्यातील मागणी या दोहोंच्या मुळाशी एकच सूत्र आहे. जखमीचे बिल त्याच्या स्वतःच्या पुंजीने भागविले असो, वा सरकारी तिजोरीने भागविले असो. त्यामुळे ज्याने इजा केली त्याचे देणे कमी होत नाही. भेद आहे तो पुढे. पुंजी स्वतःची असेल तर परत आलेला पैसा जखमीचा. तिजोरी सार्वजनिक असेल तर तो सर्वांचा. मात्र सर्वांचा पैसा वसूल करताना एकट्या पडलेल्या माणसाला मागे ढकलून चालणार नाही. म्हणून क्रम असा असावा: पहिला हक्क जखमीचा, त्याच्या पुढील उपचारांचा आणि उदरनिर्वाहाचा, दुसरा सार्वजनिक तिजोरीचा, आणि सवलत मागण्याचा अधिकार विमा कंपनीला सर्वांत शेवटी. फ्लॉरिडाच्या प्रकरणात हा क्रम बिघडला. इंग्लंडच्या पद्धतीत तो बराचसा राखला गेला आहे.

कायदे करणारे कायदे करतील. परंतु सामान्य कुटुंबानेही काही गोष्टी जाणून असाव्यात. आपल्या वाहनाचा विमा चालू ठेवणे हे केवळ पोलिसांना दाखविण्याच्या कागदापुरते काम नाही. विमा संपलेल्या गाडीने कोणास इजा केली तर भरपाई मालकाच्या घरादारावर येऊ शकते आणि उपचारांचा बोजा करदात्यावर. अपघातानंतर पोलिसांत नोंद करणे, दाखल केल्याचा आणि घरी सोडल्याचा दाखला, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल जपून ठेवणे अगत्याचे आहे. उपचार मोफत झाले असले तरी ते कोणते व किती दिवस झाले, याचा कागद मागून घ्यावा. इजा किती गंभीर होती याचा तोच पुरावा असतो. आणि मोटारवाल्याचा मनुष्य इस्पितळाच्या खाटेशी येऊन थोडी रक्कम पुढे करू लागला, तर पुढील उपचार किती लागतील हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. लॉस एंजल्सच्या शिपायाने ३०० डॉलरांवर सही केली. त्याच्यामागे औषधोपचार करणारे सैन्य उभे होते. प्रत्येक जखमीच्या मागे तसे कोणी उभे असतेच असे नाही.

मोटारी वाढत जाणार, रस्ते रुंद होत जाणार, आणि दुर्दैवाने अपघातही पुरते थांबणार नाहीत. समाजाने जखमीला उचलून इस्पितळात न्यावे आणि पैशांचा विचार न करता त्याच्यावर उपचार करावेत, ही माणुसकी झाली. त्या माणुसकीचे बिल ज्याने द्यावयास हवे त्याच्याकडे ते न चुकता पोहोचविणे, हा न्याय झाला. माणुसकीसाठी न्यायाने थांबवून धरू नये, आणि न्यायाच्या नावाखाली माणुसकीने दिलेले परत हिरावून घेऊ नये. ज्या देशाला या दोहोंचा मेळ घालता आला, त्याच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाला निदान एका गोष्टीची भीती उरणार नाही: आपण वाचलो, तर त्या वाचण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल की काय, ही.